जमिनीवरची पाखरं

आबांचं खुब्याचं ऑपरेशन होऊन अडीच महिने झाले होते. तेवढ्या दिवसांत माझा धाकटा भाऊ त्यांना भेटायला दोनदा आला, दोन्ही वेळा उभ्या उभ्या. तिसऱ्या वेळी तो आलाच नाही. त्याने रिक्षावाल्याबरोबर एक पिंजरा पाठवून दिला.

रविवार होता. आबांची आंघोळ उरकून मी त्यांना नुकतंच वॉकरवरून खुर्चीत बसवलं होतं, तेवढ्यात बेल वाजली. रिक्षावाला म्हणाला, साहेबांनी दिलंय, आणि पिंजरा दारात ठेवून निघूनही गेला. पोपटाचा पिंजरा होता तो. वर टांगायला कडी, खाली तारेची जाळी, मधे बसायला आडवी दांडी. आणि दांडीवर न बसता जाळीवर एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटलेली चार पाखरं, प्रत्येक माझ्या मुठीत मावेल एवढं.

पाठोपाठ भावाचा फोन आला. उल्हासनगरात त्याचं तयार कपड्यांचं दुकान आहे आणि त्याच गल्लीच्या तोंडाशी एक पक्ष्यांचं दुकान आहे, तिथून घेतली म्हणाला. बटन क्वेल म्हणतात यांना, दोन जोड्या आहेत, मेंटेनन्स झीरो, सकाळी मूठभर दाणे टाकले की झालं. आबांना करमेल. पुढे म्हणाला, तू काय, दिवसभर कामावरच असतेस.

हे शेवटचं वाक्य त्याने सहज टाकलं, पण माझ्या डोक्यात ते दिवसभर ठणकत राहिलं. मी जांभूळ गावच्या पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटवर लॅबमध्ये आहे. सकाळी साडेसहाला उठून आबांचं सगळं करते, आठ ते दहा आबांना बघायला एक मावशी येतात, मी संध्याकाळी पाचला घरी परत. रजा संपल्यावर कामावर जाते, याचा दोष मला. आणि जो अंबरनाथ पूर्वेला राहतो, म्हणजे आमच्या बदलापूरच्या घरापासून अर्ध्या तासावर, तो मोकळा. त्याने पाखरं पाठवली ना.

तरी मी पिंजरा बाल्कनीतल्या हुकाला टांगला. आत पाण्याची वाटी ठेवली. दुकानातून आलेल्या पिशवीत सूर्यफुलाच्या बिया होत्या, त्या घातल्या. पाखरांनी त्यांना तोंड लावलं नाही. कशी लावणार, त्यांच्या चोचीपेक्षा बी मोठी. पण मला तेव्हा तेवढंही सुचलं नाही. मला वाटलं, नवीन जागा आहे, खातील हळूहळू.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वरणभाताचा कुकर लावला होता. पहिली शिट्टी झाली आणि बाल्कनीतून ताड असा आवाज आला. जाऊन बघते तर चौघांतला एक खाली पडला होता, डोक्याचं कातडं सोलून निघालेलं. दचकला आणि सरळ वर उडाला, दगड फेकावा तसा, आणि वरच्या तारेवर आपटला. मी त्याला कापसावर ठेवलं, हळद लावली. ऑफिसला फोन करून एक तास उशिरा येते म्हणून सांगितलं. तो तास संपायच्या आत तो मेला.

मी भावाला फोन केला. तो गिऱ्हाइकात होता. म्हणाला, अरे, असं कसं झालं, थांब, दुकानदाराशी बोलतो, तो दुसरं देईल. मी फोन ठेवला. काही बोलले असते तर शिवी गेली असती.

आबा आतून सगळं ऐकत होते. ऑपरेशनपासून ते फार बोलत नव्हते. विचारलं तर हो-नाही, नाहीतर खिडकीबाहेर बघत बसायचे. त्या दिवशी ते वॉकर टेकत टेकत बाल्कनीच्या दारापर्यंत आले. मी ओरडले, की एकटे का उठलात. त्यांनी लक्षच दिलं नाही. पिंजऱ्याकडे बघून म्हणाले, "हे लावे हायेत. जमिनीवरची पाखरं. त्याना वर कशाला टांगलंस?"

मग सांगायला लागले. आमची गावाकडची भातशेती होती, आता तिथे सात मजल्यांच्या इमारती आहेत. भात कापून झालं की बांधाच्या गवतात लावे असायचे. जवळ गेलं तरी हलायचे नाहीत, अगदी पाय पडायची वेळ आली की पायाखालून सरळ वर उडायचे. आबा लहानपणी फासे लावून ते पकडायचे आणि भाजून खायचे. ते लावे जरा मोठे असायचे, पण रीत हीच. झाडावर बसलेला लावा आबांनी जन्मात बघितला नव्हता. एवढं सलग बोलणं मी अडीच महिन्यांत त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी पिंजरा काढून खाली फरशीवर ठेवला आणि कामावर गेले.

त्या आठवड्यात अर्धा दिवस रजा काढून मी उल्हासनगरला त्या दुकानात गेले. मला भांडायचं नव्हतं. ही पाखरं खातात काय, ठेवायची कशी, एवढंच विचारायचं होतं. दुकानात एकावर एक पिंजरे रचलेले होते, खालच्या पिंजऱ्यातल्या पाखरांच्या अंगावर वरच्यांची घाण पडत होती. मालक बिलबुकात काहीतरी लिहीत होता. मी म्हटलं, एक मेला. त्याने मान वर न करता सांगितलं, "मॅडम, ये तो चलता है. छोटा जानवर है. दूसरा ले जाओ."

मी विचारलं, यांना खायला काय घालायचं. तो म्हणाला, मिक्स दाना. मी म्हटलं, ही पाखरं तुम्ही दिलेला दाणा खात नाहीत. तो म्हणाला, मग बाजरी डालो. मी विचारलं, तुमच्याकडची काय खातात? त्याने दुकानातल्या पोऱ्याकडे बघितलं, पोऱ्याने खांदे उडवले. शेवटी मी मोबाईलमधला चौघांचा फोटो दाखवला आणि विचारलं, यात नर कोण आणि मादी कोण. तो म्हणाला, जोडीच दिली आहे, आम्ही जोडीच देतो. मी तोवर रात्री दोन व्हिडिओ बघून एवढं शिकले होते, की निळसर छातीचा आणि गळ्याखाली काळा-पांढरा पट्टा असलेला तो नर, आणि साधी तपकिरी ती मादी. त्याने तीन नर आणि एक मादी अशा दोन जोड्या दिल्या होत्या. तो विकत असलेल्या जिवाबद्दल मला त्याच्याहून चार दिवसांत जास्त कळलं होतं, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. आमच्या लॅबमध्ये पाण्याच्या एका नमुन्यात गडबड झाली तर कोणी सही केली, किती वाजता केली, सगळं विचारतात. इथे एक जीव गेला आणि त्याचं उत्तर काय, तर दुसरा घेऊन जा. मी दुसरा घेतला नाही.

घरी आले तर मादीच्या डोक्यामागची पिसं उपटलेली, कातडी लाल. उरलेले दोन नर तिच्यासाठी भांडत होते आणि दोघंही राग तिच्यावर काढत होते. शनिवारी तिला बुटाच्या खोक्यात घालून मी अंबरनाथला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी खोक्याचं झाकणही नीट उघडलं नाही. म्हणाले, कुत्रा-मांजर असेल तर आणा, या पाखरांवर कोणी उपचार करत नाही, नवीन घेणं सोपं. ते वाईट बोलले नाहीत, अगदी शांतपणे बोलले. बसमध्ये खोकं मांडीवर धरून मी रडले. बाजूच्या बाईने विचारलं, काय झालं. मी खोकं आणखी जवळ ओढलं.

मग मी हे काम हातात घेतलं. रागानेच घेतलं, प्रेमाबिमाने नाही. सगळे जर नवीन घ्या म्हणतात, तर ही तीन मी जगवून दाखवीन, असं काहीतरी डोक्यात होतं.

आमच्या जुन्या दिवाणाचा लाकडी खण होता, चांगला लांब-रुंद. तो बाहेर काढला. आबा खुर्चीत बसून सांगत, मी करत असे. तळाला आधी वर्तमानपत्र घातलं, ते निसरडं निघालं, पाखरांचे पाय फाकायला लागले. मग वाळू आणली, समोर बिल्डिंगचं काम चालू आहे तिथून, चाळून, धुऊन, दोन दिवस उन्हात वाळवून. पहिल्यांदा वाळू घातली तर तिघं अक्षरशः तिच्यात लोळली, पिसं फुलवून, डोळे मिटून, पायांनी वाळू अंगावर उडवत. आबा हसले. मी कधीच्या काळी बघितलं होतं ते हसणं.

वर झाकण म्हणून मच्छरदाणीचं कापड दुहेरी करून सैल बांधलं. आता दचकून उडाले तरी कापडाला लागून खाली येत. कोपऱ्यात सुक्या गवताच्या पेंढ्या उभ्या केल्या, कारण लपायला जागा नसली की ती सारखी भेदरलेली असतात. मधे फळी घालून एक नर वेगळा केला. पाण्याच्या वाटीत एक पाखरू सकाळी ओलंचिंब होऊन थरथरताना सापडलं, तेव्हा कळलं, की वाटी नको, लोणच्याच्या बरणीचं झाकण हवं आणि त्यात खडे. खायला कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, तेसुद्धा मिक्सरमधून फिरवून बारीक केलेलं, वर थोडे राळे, आठवड्यातून दोनदा उकडलेलं अंडं. मादी अंडी द्यायला लागल्यावर कॅल्शियमसाठी समुद्रफेस कुटून. यातली एकही गोष्ट मला कोणी सांगितली नव्हती. प्रत्येक गोष्ट त्या पाखरांच्या अंगावर चुकून मी शिकले, आणि त्याचाही मला राग येतो, माझा स्वतःचा. वाटी उथळ हवी हे कळायला त्याने रात्रभर कुडकुडायला नको होतं.

भाऊ फोनवर विचारायचा, कशी आहेत आबांची पाखरं? नातेवाइकांच्या ग्रुपवर त्याने फोटो टाकला होता, मीच त्याला पाठवलेला. खाली सगळ्यांनी लिहिलं, मुलगा असावा तर असा. मी ते वाचलं आणि मोबाईल गादीवर फेकला.

आबांचं मात्र त्या खणाशी जमलं. तो त्यांच्या खोलीत खिडकीखाली ठेवला होता. दिवसभर ते बघत बसत आणि संध्याकाळी मला सांगत, आज कोण कोणाशी भांडलं, आज मादीने अंडं कुठे टाकलं. ती कुठेही टाकायची, वाळूत, गवतात, एकदा पाण्याच्या झाकणात. आबांना वाकता येत नव्हतं. डॉक्टरांनी सक्त सांगितलं होतं, की जमिनीवर बसायचं नाही, मांडी घालायची नाही. त्यामुळे त्यांचं सगळं खुर्चीतूनच चालायचं.

एका गुरुवारी मी सव्वापाचला घरी आले. दार उघडलं, आबांना हाक मारली. उत्तर आलं नाही. आत गेले तर ते फरशीवर बसले होते, पलंगाच्या पायाला पाठ टेकून, एक पाय लांब, एक कसातरी बाजूला. वॉकर पलीकडे आडवा पडलेला. पायजमा ओला झाला होता, आणि मग वाळलाही होता, ते वासावरून कळत होतं. माझ्या तोंडून किंकाळी निघणार होती, तेवढ्यात आबांनी हात वर केला.

"ओरडू नको," ते हळूच म्हणाले. "ती दचकंल."

त्यांच्या मांडीला लागून, पायजम्याच्या घडीत, मादी बसली होती.

झालं असं होतं, की दुपारी कापडाची एक कड सुटली आणि ती बाहेर आली. वर पंखा चालू होता. आबांनी आधी उठून पंखा बंद केला. मग तिला पकडायला कोणी नाही म्हणून पलंगाच्या कडेवरून हळूहळू खाली सरकले, दाणे हातात घेऊन. ती आली. पण त्यांना उठता येईना. मोबाईल बाहेरच्या खोलीत चार्जिंगला. मावशी दहाला गेलेल्या. ते बारा-साडेबारापासून तसेच होते. आवाज का दिला नाही शेजाऱ्यांना, मी विचारलं. म्हणाले, ओरडलो असतो तर ती उडून कुठेतरी आपटली असती.

मला इतका राग आयुष्यात आला नसेल, आणि मला तो कुजबुजत काढावा लागला. मी दात आवळून, अगदी हळू आवाजात, त्यांना काय वाट्टेल ते बोलले. खुबा पुन्हा मोडला असता तर? पाच तास? एका पाखरासाठी? ते ऐकत राहिले. मी मादीला दोन्ही हातांच्या ओंजळीत उचलून खणात ठेवलं, कापड बांधलं, शेजारच्या काकांना बोलावलं आणि आम्ही दोघांनी मिळून आबांना उचललं. मी त्यांना पुसलं, कपडे बदलले, डॉक्टरांना फोन केला. त्यांनी विचारलं ते सगळं तपासून सांगितलं. त्यावरून ते म्हणाले, नशिबाने हाड जागेवर असणार.

मग मी स्वयंपाकघरात जाऊन भावाला फोन लावला. झालेलं सांगितलं. तो घाबरला खरा, पण घाबरून तो काय बोलला, तर, "म्हणूनच सांगतो, ताई, ती पाखरं परत देऊन टाक. मी दुकानदाराशी बोलतो."

आणि मी म्हणाले, "पाखरं देते परत. आबांना कुठल्या दुकानात परत देऊ ते पण विचारून ठेव."

कुजबुजायचं राहिलं नव्हतं. मी पूर्ण आवाजात बोलले. मग ऑपरेशनपासूनचं सगळं निघालं, ग्रुपवरच्या फोटोसकट. तो मधे काहीतरी म्हणत होता, धंदा, पोरांच्या परीक्षा. मी ऐकलं नाही. फोन ठेवला आणि वळले तर घरात अजिबात आवाज नव्हता. आबांच्या खोलीचं दार उघडं होतं.

दोन दिवस आबा माझ्याशी बोलले नाहीत. जेवले, औषधं घेतली, पाखरांकडे बघत बसले. मीही बोलले नाही. काय बोलणार होते? मी तसं म्हटलं नव्हतं, असं म्हणता आलं नसतं. मी तसंच म्हटलं होतं.

तिसऱ्या दिवशी रविवारी मी खणात दाणे घालत होते, तेव्हा ते म्हणाले, "तू बोललीस ते खोटं नाय. पण मना ऐकू येईल असं बोलाया नको होतं."

मी म्हटलं, हो, नको होतं. दाण्यांच्या डब्याचं झाकण लावलं. मग ते म्हणाले, फोन लाव त्याला.

मी लावून दिला. आबांनी त्याला त्या गुरुवारचं काही विचारलं नाही, सांगितलं नाही. फक्त म्हणाले, मंगळवारी तुझं दुकान बंद असतं ना, मग ये. पाखरांची वाळू बदलायची हाय. तुझ्या बहिणीला ते जमत नाय.

मला पुन्हा संताप आला. मला जमत नाही? वाळू मी चाळली, मी धुतली, मी वाळवली. आणि त्याहून जास्त याचा, की स्वतःसाठी त्यांनी त्याला बोलावलं नाही. माझ्याकडे ये, असं बापाला पोराला सांगता येत नाही, पाखरांचं निमित्त करावं लागतं. पण मी गप्प बसले. त्या आठवड्यात मी पुरेसं बोलले होते.

मंगळवारी मी रजा घेतली. भाऊ अकराला आला. माझ्याकडे न बघता चपला काढल्या, आबांच्या पाया पडला आणि खणापाशी उकिडवा बसला. आबा खुर्चीतून सांगत होते, आधी पाखरं पकडून बुटाच्या खोक्यात घाल. त्याने वरून हात घातला तशी तिघं एकदम उडाली आणि कापडावर आपटली, आणि हा मागे फरशीवर बसला. आबा म्हणाले, "वरून नको. वरून घारीसारखा हात नको घालू. बाजूने, जमिनीलगत." त्याला तिघांना पकडायला वीस मिनिटं लागली. त्याचा शर्ट घामाने भिजला. वाळू काढली, नवी घातली, निम्मी बाहेर सांडली. मी दारात उभी राहून बघत होते आणि एकदाही मदतीला गेले नाही.

मग आबा म्हणाले, त्यांना संडासला जायचंय.

भावाने माझ्याकडे बघितलं. मी तोवर दारातल्या स्टुलावर बसले होते. त्याला वाटलं मी उठेन. मी उठले नाही. मावशी त्या दिवशी दहानंतरही थांबायला तयार होत्या, मीच त्यांना घरी पाठवलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.  मग त्याने हात पँटला पुसले, वॉकर आबांच्या पुढ्यात आणला आणि त्यांच्या काखेत हात घालून ओढायला लागला. आबा कळवळले. म्हणाले, तिथून नाय, कमरेला धर, आधी मना पुढे सरकू दे. दोघं हळूहळू गेले. दार अर्धवट लोटलं गेलं. आतून आबांचा आवाज येत होता, आता नाडी सोड, आता डावा पाय पुढे राहू दे, आता बसव, घाई नको. 

भाऊ बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. बेसिनवर त्याने फार वेळ हात धुतले. मला म्हणाला, रोज एवढं असतं? मी म्हटलं, रात्री दोनदा पण असतं. तो जेवून गेला. त्याने सांडलेली वाळू मलाच झाडावी लागली.

माझा राग गेला, असं मी म्हणणार नाही. ग्रुपवरचा फोटो मी अजून विसरलेले नाही. त्या पक्ष्यांच्या दुकानावरून गेले की आजही मी थांबून आत बघते. पिंजऱ्यांत आता दुसरी पाखरं असतात, आणि पिंजरे तसेच एकावर एक.

पुढच्या मंगळवारी भाऊ आला, येताना कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य घेऊन. त्यापुढच्या मंगळवारी आला नाही. त्याच्या सासरकडे कसलंतरी लग्न होतं. मी त्या दिवशी रजेवर घरीच होते, पण मी फोन केला नाही. बारा वाजले तेव्हा आबांनी मोबाईल मागून घेतला, चष्मा लावला, आणि त्याचा नंबर स्वतः शोधून लावला.